बोअरच्या गाडीआधी चौदा गुट्या

११ जून २०२३

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या आमच्या दुकानातली जॉबची वही उलटी करून मागच्या पानापासून ही नोंद सुरू करतोय. पुढून मोटारी, मागून झाड.

आज पाणाड्या येऊन गेला. आमचा जुना बोअर २८० फुटांचा. गेल्या महिन्यापासून मोटार चालू केली की सहा-सात मिनिटांत हवा ओढायला लागते. दादानं पाणाड्याला तळहातावर नारळ घेऊन अंगणभर फिरवलं. नारळ तीन ठिकाणी हलला आणि एका ठिकाणी ताठ उभा राहिला. ते ठिकाण जामाच्या खोडापासून चार हातांवर. माझा जन्म सबमर्सिबल खोलण्यात गेला, जमिनीखालचं पाणी नारळाला कळतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण दादाचा आहे, आणि पैसे दादाचे आहेत. शिवाय नारळ कुठंही उभा राहिला असता तरी फाटकातून बोअरची गाडी आत घ्यायची तर जाम आडवा येतोच.

वाद वाढवला नाही. एवढंच कबूल करून घेतलं की गाडी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, झाल्यावर आणायची. म्हणजे हातात सात महिने. तेवढ्यात गुट्या बांधून, म्हणजे फांद्यांना झाडावरच मुळ्या फोडून, या झाडाची पिल्लं तयार करायची.

वही पुढं कोणाच्या हाती लागली तर घोळ नको म्हणून लिहून ठेवतो. लातुरात जाम म्हटलं की पेरू. आईसुद्धा भाजीवाल्याला "जाम कसे दिले" असंच विचारते. आमच्या अंगणातला तो जाम नव्हे. हा कोकणातला, वसईकडचा पांढरा जाम. फळ घंटेच्या आकाराचं, मेणासारखं चकचकीत, चावलं की निम्मं पाणीच. झाड बारमाही हिरवं, पानं वीतभर लांब, आणि फुलला की पांढऱ्या केसरांच्या गोंड्यांनी भरतो. शोभेसाठी लावलं तरी चालेल असं झाड. शास्त्रीय नाव सिझिजियम समरँजेन्स, जावा बेटावरच्या सेमारांग गावावरून पडलेलं. जांभूळ आणि लवंग ही सख्खी भावंडं, आणि पेरूही त्याच कुळातला. तेव्हा आपले लोक पेरूलाच जाम म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही.

हे झाड अण्णांनी २००९ साली वसईच्या मावशीकडून आणलं. एक हात लांब गुटी, ओल्या पंच्यात गुंडाळून, लातूर एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर स्वतःच्या उशाशी. बोगीतल्या एकानं विचारलं म्हणे, नवजात आहे का. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा गल्लीत माणसं रात्रभर घागरी घेऊन बसायची आणि अण्णा परातीत बसून अंघोळ करायचे. परातीतलं पाणी जामाला. साबण बंद केला होता त्यांनी त्या उन्हाळ्यात, झाडाला सोसत नाही म्हणून. दुष्काळी गावात हे पाणथळीचं झाड लावणं शहाणपणाचं नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. पण एकदा आणलं ते आणलं.

बियांचा मार्ग नको. आमच्या फळात बहुतेक वेळा बी नसतंच, असलं तर एखादं, आणि तेही आठ-दहा दिवसांत वाळून निकामी होतं. पुतणीनं गेल्या वर्षी तीन लावल्या होत्या, एक उगवली आणि दोन पानांवर असताना उन्हानं गेली. बियांतून आलेलं झाड आईसारखंच निघेल याचीही हमी नाही. गुटी म्हणजे तेच झाड, दुसऱ्या पायांवर.

२५ जून

उशिरा का होईना, पाऊस आला. आषाढी चार दिवसांवर, तरी आजवर थेंब नव्हता.

फांद्या निवडल्या. पेन्सिलीपेक्षा जाड, अंगठ्यापेक्षा बारीक, साल तपकिरी झालेली पण खडबडीत न झालेली. हिरव्या लुसलुशीत काडीवर गुटी बांधली तर ती सडते, आणि जुन्या जाड फांदीला मुळ्या फुटायला फार वेळ लागतो. सरळ वर जाणारे पाणफुटवे सोडून दिले. चौदा सापडल्या. चार शिडीशिवाय हाताला येतात.

२ जुलै

सहा बांधल्या. क्रमांक १ ते ६. कापडी पट्टीवर मार्करनं आकडे घालून फांदीला लटकवलेत, मोटारीच्या स्टेटरला जॉब नंबर बांधतो तसे.

कृती अशी. फांदीच्या टोकापासून हात-दीड हात खाली, दोन पानांच्या मधल्या मोकळ्या जागी ब्लेडनं गोल काप. त्याखाली बोटाच्या दोन पेरांइतक्या अंतरावर दुसरा काप. मधे एक उभी चीर, आणि साल बांगडीसारखी सोडवून घ्यायची. पावसात रस चढलेला असतो, साल आपसूक सुटते. आत लाकूड पांढरं, ओलं. वरच्या कापाला मुळ्यांची पावडर लावली. कृषी सेवा केंद्रातून आणलेली, आयबीए या मुळ्या फोडणाऱ्या संप्रेरकाची. मग भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर, त्यावर पारदर्शक पॉलिथिन, दोन्ही टोकं घट्ट. सुतळी पावसात सैल पडते म्हणून वाइंडिंगची कॉटन टेप वापरली.

दुकानात शेजारचा वेल्डर विचारायलाय, फांदीची साल काढली तर ती वाळत कशी नाही. त्याला मोटारीच्या भाषेत सांगितलं. वर जाणारी लाइन लाकडातून आहे, ती चालू. पानांनी बनवलेली साखर आणि मुळ्या फोडणारं द्रव्य खाली येतं ते सालीतून, ती लाइन आपण तोडली. माल वरच्या कापापाशी तुंबतो. बाहेर ओल आणि अंधार मिळाला की तिथूनच मुळ्या निघतात. म्हणून पावडर वरच्या ओठाला लावायची, खालच्या नाही.

९ जुलै

औशाकडचे एक जुने गिऱ्हाईक, डाळिंबवाले मामा, साडेसात एचपीची मोटार घेऊन आले. डाळिंबाची रोपं बहुतेक गुटीचीच असतात, त्यांनी बागेत हजारांनी बांधलेल्या. दुपारी जेवायला घरी आणलं आणि झाड दाखवलं.

मामा क्रमांक १ चं पॉलिथिन दाबून बघत म्हणाले, "साल काढलास, पन खरवडलास का?"

नव्हतं खरवडलं. मामांनी माझ्याच हातून सोडवून घेतली. सात दिवसांत लाकडावर फिकट हिरवी, बुळबुळीत साय धरली होती. नखानं ओढली तर बोटाला चिकटली. साल आणि लाकडाच्या मधला हा थर जिवंत राहिला तर तो नवी साल विणतो, वरचा ओठ आणि खालचा ओठ पुन्हा जोडला जातो, आणि झाड म्हणतं मला काय गरज मुळ्यांची.

मला ऐकताना लाज वाटली. तांब्याच्या तारेच्या टोकाला सोल्डरचा डाग द्यायच्या आधी इनॅमल खरवडतो ते रोज करतो मी. नुसत्या डोळ्याला तार उघडी दिसते, पण पातळ पापुद्रा राहिला तर डाग धरत नाही आणि महिन्याभरात जॉब परत येतो. पोरांना त्यावरून शिव्या घालतो. आणि इथं साल निघाली म्हणजे झालं समजलो.

१ आणि ४ सोडवून ब्लेडच्या पाठीनं पूर्ण गोल खरवडल्या, लाकूड करकर वाजेपर्यंत, आणि फडक्यानं पुसून पुन्हा बांधल्या. बाकी चार तशाच ठेवतोय. मामा म्हणाले कशाला वाया घालवतूस. बघू.

१६ जुलै

आणखी आठ, ७ ते १४. सगळ्या खरवडून. ७ ते १० शेवाळात, ११ ते १४ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, कारण शेवाळ संपलं. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं, त्यात मीठ असतं.

परवापासून धोंड्याचा महिना लागतोय. वहिनी म्हणाली अधिकात असलं काही नवीन करू नये. म्हटलं म्हणून तर आजच उरकलं.

६ ऑगस्ट

जुलैच्या शेवटी चांगला झाला, आणि आता थांबला तो थांबलाच. आभाळ रोज येतंय, वारा नुसता. १४ ची फांदी वाऱ्यानं कापापाशीच मोडली. सालीशिवाय तिथं ताकद राहत नाही. खालच्या फांदीला काठी बांधून आधार द्यायला हवा होता. बाकीच्यांना आज दिला.

पॉलिथिनच्या आतून थेंब दिसायचे ते आता दिसत नाहीत. १०, ११, १३ हाताला हलक्या लागतात. मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणली. वरच्या बाजूनं सुई घालून वीस-वीस मिली पाणी, मग भोकावर टेपचा तुकडा. सलाइनवर असलेल्या पेशंटांसारखं दिसायलंय झाड. शेजारच्या काकू भिंतीवरून, "काय करलालास रे झाडाला?" म्हटलं शुगर तपासायलोय.

२० ऑगस्ट

पाऊस नाही. सोयाबीन माना टाकायलंय, दुकानात मोटारींची रांग, रात्री नऊ वाजेपर्यंत काम. गुट्यांकडे बघायला फक्त रविवार.

८ च्या आत मुंग्यांनी घर केलं. लाल बारीक. सगळं शेवाळ पोखरून अंडी घातलीत, ओल शून्य, कापाचा ओठ काळा पडलाय. ८ गेली. उरलेल्यांच्या फांद्यांना बुडाशी ग्रीसचा पट्टा लावला, सालीवर थेट न लावता कागद गुंडाळून त्यावर. बेअरिंगचं ग्रीस, दुकानात पडूनच असतं.

२७ ऑगस्ट

मुळ्या.

७ मध्ये आणि ९ मध्ये. दुकान लवकर बंद करून आलो तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसल्या. शेवाळाच्या तपकिरीतून पॉलिथिनला टेकलेली पांढरी टोकं, शेवईच्या तुकड्याएवढी. ७ मध्ये पाच मोजल्या, ९ मध्ये तीन. बांधल्यापासून सहा आठवडे. आईला खुर्चीवर उभं करून दाखवलं, ती म्हणाली मला काही दिसत नाही, चष्मा आण. चष्मा आणला. मग बराच वेळ बघत राहिली आणि खाली उतरून म्हणाली, "अण्णांनी आणली तेव्हा अशाच होत्या का रे?" मला आठवत नाही.

१० सप्टेंबर

न खरवडलेल्या चारांचा निकाल. २ आणि ३ उघडल्या. मामा म्हणाले होते तेच. खालच्या-वरच्या ओठांमध्ये नव्या सालीचा पूल, ३ ला तर अर्धा घेर बुजलाय. मुळी एकही नाही, नुसती खडबडीत गाठ. ५ आणि ६ मध्ये पूल बसला नाही, आता कुठं दोन-तीन मुळ्या निघायला लागल्यात, ७ च्या मानानं दोन आठवडे मागं. १ आणि ४, त्याच दिवशी बांधून नंतर खरवडलेल्या, छान भरल्यात. खरवडण्याचं मोल काय ते कळलं.

१३ सडली. ती मी सिरिंजनं मारली. हलकी लागली की पाणी, हलकी लागली की पाणी. कोकोपीट मुळातच हलकं असतं हे डोक्यातच आलं नाही.

हिशेब: चौदापैकी २, ३, ८, १३, १४ बाद. नऊ शिल्लक.

१४ सप्टेंबर, पोळा

सर आली एक. बैलांच्या शिंगांचा रंग ओघळला, कुणालाच वाईट वाटलं नाही.

२४ सप्टेंबर

७, ९, १०, ११ उतरवल्या. गुटीच्या खाली दोन बोटांवर कातरीनं काप.

कधी उतरवायची याचा नियम मामांनी फोनवर सांगितला. पांढरी मुळी दिसली म्हणून धावायचं नाही. पांढरी मुळी तपकिरी व्हायला पाहिजे, तिला पोटमुळ्या फुटून पॉलिथिनच्या आतून जाळी दिसायला पाहिजे. ७, ९ आणि १० तशा आहेत. ११ तशी नाही, चारच मुळ्या, पण शिडी लावलीच आहे तर, असं करून तीही काढली.

माती: आपली काळी चालत नाही. भिजली की चिखल, वाळली की भेग, कुंडीत तर मुळ्या गुदमरतात. बिदरकडची जांभ्याची लाल माती दोन घमेली, कुजलेलं शेणखत एक, कोकोपीट एक. बारा इंची पिशव्या, बुडाला सहा भोकं. पॉलिथिन सोडवलं, शेवाळ सोडवायचं नाही, मुळ्या त्यात विणलेल्या असतात. प्रत्येक पान कातरीनं अर्धं केलं. पानं देखणी होती, हात होत नव्हता. पण चार-पाच मुळ्या अख्ख्या फांदीला पाणी पुरवू शकत नाहीत. भिंतीच्या उत्तरेला, हिरव्या जाळीखाली ठेवल्या.

३ ऑक्टोबर

११ वाळली. पिशवीत बसवताना कोकोपीटचा गोळा हातातच फुटला होता आणि चारातल्या दोन मुळ्या तुटल्या होत्या. त्या दिवशी हे वहीत लिहायचं टाळलं. पुढच्या वेळी कोकोपीट नको, शेवाळ संपलं तर थांबायचं.

१५ ऑक्टोबर

घटस्थापना. १, ४, ५, ६, १२ उतरवल्या. १२ कोकोपीटचीच, पण मुळ्या इतक्या भरल्यात की गोळा नारळासारखा टणक. ५ बद्दल खात्री नाही. झाडावर आता एकही पट्टी राहिली नाही, बोडकं वाटतंय.

२९ ऑक्टोबर

पानांच्या कडा जळायला लागल्या. सगळ्यांच्या, एकसारख्या. टोकाकडून सुरुवात, तपकिरी कोरडी किनार, आत हिरवं. ऊन म्हणावं तर सावलीतच आहेत. ५ गेलीच, पण ती जाणारच होती.

५ नोव्हेंबर

दोष सापडला, आणि तो माझा.

घरातल्या फिल्टरची वाया जाणारी नळी मी ऑगस्टपासून बादलीत सोडलीय. एवढं पाणी मोरीत कशाला जाऊ द्यायचं, आपण लातूरकर. तेच पाणी रोज पिशव्यांना घालत होतो. आज फिल्टर दुरुस्तीवाला आला, त्याच्याकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, मागून घेतलं. आमच्या बोअरचं पाणी ११४०. फिल्टरमधून प्यायला येतं ते ७०. आणि बादलीतलं, वाया जाणारं, १८९०. अर्थात. चांगलं पाणी काढून घेतल्यावर उरलेल्यात सगळे क्षार एकवटतात. फरशी पुसायला ठीक, मोठ्या कडुनिंबाला ठीक, पण दोन महिन्यांच्या मुळ्यांना मी रोज खारवणी पाजत होतो.

मग मीटर हातात आहे तोवर घरभर फिरलो. मांजरा धरणाचं नळाचं पाणी, आठवड्यातून एकदा येतं ते, २९०. पत्र्यावरून ड्रममध्ये धरलेलं पावसाचं, २५. समोरच्या मेडिकलच्या एसीच्या नळीखालचं, २०. कूलरच्या टाकीत उन्हाळ्यापासून साचलेलं दोन हजाराच्या वर. मीटरवाल्याला वाटलं याचं डोकं फिरलंय.

सगळ्या पिशव्यांना पावसाचं पाणी, बुडातून वाहून जाईपर्यंत, सलग तीन वेळा. क्षार धुऊन काढायला दुसरा मार्ग नाही. एक ड्रम निम्मा झाला.

१९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. ६ वाचली नाही, पानं गळून काडी राहिली. १, ४, ७, ९, १०, १२, अशी सहा. यांच्या नव्या पानांना कडा शाबूत आहेत. नवं पान येतं तेव्हा तांब्याच्या रंगाचं असतं, जुन्या वायरच्या नव्हे, नुकत्या उघडलेल्या रिळाच्या.

३ डिसेंबर

आता नवीन पानं पिवळी. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, जणू कोणी पानावर हिरव्या पेननं नकाशा काढलाय. जुनी पानं ठीक. म्हणजे लोह. ड्रममधलं पाणी पुरवून वापरायचं म्हणून मधेमधे बोअरचं घालतोय, त्यातल्या चुन्यानं माती विम्लाकडे, म्हणजे अल्कधर्माकडे, जाते आणि लोह असूनही मुळीला मिळत नाही. दुकानातून चिलेटेड फेरस आणलं, पिवळट पावडर, लोह धरून ठेवायला ईडीटीए हे रसायन असलेली. मातीत घातलं.

२४ डिसेंबर

तीन आठवड्यांत काही फरक नाही. मामांना फोटो पाठवला. त्यांचा उलटा प्रश्न, पाकिटावर काय लिहिलंय. ईडीटीए. "ते फवारायला ठीक. आपल्या चुनखडीच्या मातीत ते लोह धरूनच ठेवत नाही. ईडीडीएचए माग, लालभडक असतंय." दुकानदारानं आधी पाच किलोचंच पाकीट दाखवलं, मग आतून सुटं दिलं. पाण्यात टाकलं तर अगदी रक्तासारखा रंग. प्रत्येक पिशवीला दोन ग्रॅम, लिटरभर पावसाच्या पाण्यात.

७ जानेवारी २०२४

हिरवी झाली. ९ अजून मागे आहे.

११ जानेवारी, येळवस

दुकान बंद, अख्खं लातूर बंद. दादाच्या सासरवाडीच्या शेतात गेलो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचे तांबे. दुपारी सगळे झाडाखाली आडवे झाल्यावर दादा म्हणाला, "गाडीवाल्याला सांगितलोय. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात." ठरल्याप्रमाणंच होतं, बोलण्यासारखं काही नव्हतं. मी आंबिल आणखी मागितलं.

घरी येऊन बॅटरीनं बघितलं. जामाला कळ्या धरल्यात. गुच्छच्या गुच्छ, हिरवे, वाटाण्याएवढे.

२ फेब्रुवारी

झाड उतरवलं. दोन माणसं, अडीच तास. आधी फांद्या, मग खोड जमिनीबरोबर. कळ्या काही उघडायच्या बेतात होत्या. आई दर वर्षी फुलांच्या दिवसात करवादायची, रोज सकाळी केसरांचा खच पडतो, खराट्यानं निघत नाही, ओल्या फरशीला चिकटतो. आज माणसं गेल्यावर तिनंच अंगण झाडलं. पुतणीला झाडू दिला नाही.

खोडाच्या कापावर कड्या मोजायचा प्रयत्न केला. नीट दिसत नाहीत.

४ फेब्रुवारी

गाडी काल संध्याकाळी लागली, रात्रभर आवाज आणि पांढरी धूळ. ३४० फुटांपर्यंत नुसता भुगा, दादाचा चेहरा बघवत नव्हता. ३८५ ला ओल लागली, ४१० ला पाणी उसळलं. नारळाची जागा म्हणून दादा सगळ्यांना सांगत सुटलाय. मी गप्प. मोटार मीच उतरवणार.

११ फेब्रुवारी

तीन एचपीची उतरवली. पाणी जोरात आहे, चाळीस मिनिटं चालवली तरी हवा नाही. पाण्याला थोडा गढूळपणा आहे, तो जाईल.

फिल्टरवाल्याचं मीटर पुन्हा मागून आणलं. १४६०. जुन्या बोअरपेक्षाही जड. धुण्या-भांड्याला होईल, फिल्टर लावून प्यायला होईल. जामाच्या पिशव्यांना नाही.

१० मार्च

१० मामांना दिली. त्यांच्या शेततळ्याच्या काठावर लावणार, तळं पावसाच्या पाण्याचं आहे. १२ वसईच्या मावशीला. तिच्या अंगणातलं मूळ झाड चार वर्षांपूर्वीच गेलं, तिथं आता इमारतीचं पार्किंग आहे. मावसभाऊ लग्नाला आला होता, त्याच्याबरोबर पाठवली, बर्थवर उशाशी ठेव म्हणून सांगून. त्यानं सीटखाली ठेवली असणार.

घरी १, ४, ७, ९. त्यातली ७ आणि ४ अर्ध्या कापलेल्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये हलवली. मातीत एक-एक मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, बुडाला भोक नाही, मडकं जेवढं पाझरेल तेवढंच. वर पाचट. मडक्यावर परळ, डास नकोत.

९ एप्रिल, पाडवा

पारा चाळिशीच्या वर. दुपारी जाळीखाली हात घातला तरी भट्टी. पानं दुपारी खाली मान टाकतात, रात्री आठनंतर सावरतात. ९ ची दोन पानं करपली, पण ती उन्हानं, क्षारानं नाही. उन्हाचं करपणं पानाच्या मधोमध डाग पाडतं, क्षाराचं कडेनं येतं. एवढं आता ओळखू येतं.

पावसाचे दोन्ही ड्रम मार्चअखेर संपले. नळाचं पाणी आता दहा दिवसांनी, ते माणसांना. राहिलं मेडिकलचं एसी. त्याच्या नळीखाली पंधरा लिटरचा कॅन लावलाय, दिवसाला आठ-नऊ लिटर भरतो, ऊन वाढलं तर जास्त. ड्रममधल्या दोन झाडांना तीन-तीन लिटर, पिशव्यांना एक-एक. पुरतं. दादानं नव्या बोअरचा नळ अंगणात काढून दिलाय, झाडांसाठी म्हणूनच. त्याला टीडीएस अजून सांगितलेला नाही.

७ ला आज तांब्याच्या रंगाची नवी फूट आहे, तीन पानं. आईनं गुढीची कडुनिंबाची डहाळी काढताना पाहिली.

मेडिकलवाला पोरगा रात्री कॅन द्यायला आला, म्हणाला, "काका, रविवारी दुकान बंद असतंय. शनिवारीच दोन भरून ठेवू का?"

ठेव म्हटलं.